रंगीत पट्टी व मुरगळलेला पाय

शरीर हा विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथ होय. परंतु तो वाचावयास आपण सर्वांत शेवटीं शिकतों. इतिहासांतील सनावळी आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते, बीजगणिताचीं सूत्रें ते झोपेंतहि म्हणून दाखवितील. पण खेळतां खेळतां पाय मुरगळला तर आंत नेमकें काय बिघडलें, हें त्यांस सांगतां येत नाहीं, आणि बहुधा त्यांच्या वडील माणसांसहि येत नाहीं. ह्या अज्ञानाच्या रिकाम्या जागेंत गेल्या कांहीं वर्षांत एक नवी वस्तु येऊन बसली आहे. खेळाडूंच्या गुडघ्यांवर, खांद्यांवर व पोटऱ्यांवर चिकटविलेली निळी, गुलाबी किंवा काळी ताणपट्टी ती हीच. औषधांच्या व खेळाच्या सामानाच्या दुकानांत तिला किनेसिओ टेप म्हणतात. तिची योग्यता किती, तिच्यावर विश्वास कोठवर टाकावा, आणि तिच्या आड कोणती गोष्ट झांकली जात आहे, ह्याविषयीं विद्यार्थी व पालक ह्या दोघांसहि उद्देशून चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परभणी जिल्ह्यांत पावसाळा ओसरूं लागला कीं शालेय स्पर्धांचा हंगाम रंगांत येतो. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा व परभणी अशा प्रत्येक तालुक्यांतून १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ मैदानांत उतरतात. तेथें जिंकलेले जिल्ह्यास, जिल्ह्यांत जिंकलेले विभागास आणि तेथून राज्यास जातात. कबड्डी, खो-खो, कुस्ती व धांवणें हे आमचे आवडते खेळ. त्यांस साहित्य फारसें लागत नाहीं, अंग मात्र लागतें. आणि आमची जमीन कशी आहे, हें कोणत्याहि शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक आहे. ही काळी कापसाची माती पावसांत फुगते व ऊन लागतांच आकसते. मग तिला भेगा पडतात, आणि गुरांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे होतात. अशा मैदानावर खो-खोचा पाठलाग करणाऱ्या मुलीचा घोटा आंत वळला, तर त्यांत नवल तें काय?

सन २०१४ पासून कबड्डीचे व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर दिसूं लागले. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली; तींत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले, आणि दोन्ही संघांचें नेतृत्व प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे ह्या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होतें. ज्या खेळांस गांवठी म्हणून एके काळीं नाकें मुरडलीं जात, त्यांस हा मान मिळाला ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु मूल जें पाहतें तें उचलतें. मोठ्या खेळाडूची चपळाई उचलण्यास वर्षें लागतात. त्याच्या गुडघ्यावरील पट्टी एका संध्याकाळींच उचलतां येते. म्हणून आतां शालेय सामन्यांतहि ही पट्टी दिसूं लागली आहे.

ह्या पट्टीचा जन्म जपानांत झाला. केन्झो कासे नांवाच्या गृहस्थांनीं मणके व सांधे हातांनीं हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचें शिक्षण अमेरिकेंत घेतलें होतें. मायदेशीं परतल्यावर १९७९ च्या सुमारास त्यांनीं ही पट्टी तयार केली. त्यापूर्वीं खेळाडूंस जी पांढरी चिकटपट्टी बांधीत, ती ताणली न जाणारी असे. तिनें सांधा आवळला जाई व त्याची हालचाल खुंटे. कासे ह्यांस हालचाल न थांबवितां आधार देणारी वस्तु पाहिजे होती. म्हणून त्यांनीं सुती कापडांत ताणले जाणारे तंतु घातले व मागच्या बाजूस अंगाच्या उबेनें घट्ट बसणारा चिकट थर दिला. ही पट्टी आपल्या मूळ लांबीच्या जवळजवळ दीडपट ताणली जाते, घाम व पाणी सोसते, आणि तीन ते पांच दिवस अंगावर राहूं शकते. जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें तें २००८ सालच्या बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत. तेव्हां ५८ देशांच्या खेळाडूंसाठीं ती विनामूल्य देण्यांत आली. आणि वाळूवरील व्हॉलीबॉलमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकेच्या केरी वॉल्श ह्यांच्या खांद्यावरील काळी पट्टी साऱ्या जगानें पाहिली. तेव्हांपासून तिला जाहिरातीची गरज उरली नाहीं.

पट्टीचे पुरस्कर्ते सांगतात कीं, ती ताणून लावली म्हणजे कातडीवर बारीक सुरकुत्या पडतात. त्या योगें कातडी किंचित् वर उचलली जाऊन खालील रक्ताचा प्रवाह मोकळा होतो, सूज उतरते, वेदना कमी होते, दुबळा स्नायु जोर धरतो आणि आंखडलेला स्नायु सैल पडतो. एकाच स्नायूवर ती एका दिशेनें लावली तर त्यास जागें करते व उलट दिशेनें लावली तर निजविते, असेंहि सांगण्यांत येतें. ऐकावयास हें सर्व फार सुसंगत वाटतें. परंतु सुसंगत वाटणें व खरें असणें ह्यांत अंतर आहे, आणि विज्ञान म्हणजे तें अंतर मोजण्याचीच विद्या होय.

तें अंतर मोजण्याची रीत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगी आहे. दुखणेंकऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात. एका गटास ही पट्टी तिच्या शास्त्राप्रमाणें ताण देऊन लावतात. दुसऱ्या गटास तीच पट्टी ताण न देतां नुसती चिकटवितात. कोणती खरी व कोणती खोटी, हें त्यांस सांगत नाहींत. मग कांहीं आठवड्यांनीं दोन्ही गटांची वेदना ताडून पाहतात. ब्राझील देशांत जुन्या कंबरदुखीच्या १४८ रोग्यांवर असा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांस सारखाच उतार पडला होता. म्हणजे ज्या सुरकुत्यांवर सारी उपपत्ति उभी होती, त्यांच्यावांचून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. त्याच वर्षीं अशा १२ प्रयोगांचा व त्यांतील ४९५ रोग्यांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. त्यांतहि ही पट्टी खोट्या पट्टीहून किंवा इतर उपचारांहून लक्षांत घेण्याइतकी सरस ठरली नाहीं.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग तर मोठा मौजेचा आहे. ज्यांस ह्या पट्टीची कांहींच माहिती नव्हती अशीं ३० निरोगी माणसें निवडण्यांत आलीं, आणि पट्टीचा खरा उद्देश त्यांस कळूं न देतां ती त्यांच्या मांडीवर लावून मांडीचा जोर यंत्रावर मोजण्यांत आला. खरी पट्टी, खोटी पट्टी व मोकळी मांडी, तिन्ही वेळां जोर सारखाच भरला. ह्यावरून, पट्टी लावल्यावर खेळाडूस जें बळ आल्यासारखें वाटतें, तें पुष्कळ अंशीं त्याच्या विश्वासाचें असतें, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं. रंगांविषयीं तर बोलावयासच नको. निळी पट्टी थंडावा देते व लाल पट्टी ऊब देते, ह्या समजुतीस कांहींहि आधार नाहीं. कापड तेंच, रंग तेवढा निराळा.

मग ही पट्टी सर्वस्वीं निरुपयोगी आहे काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. कातडीवर कांहीं चिकटलेलें असलें कीं त्या अवयवाकडे माणसाचें लक्ष राहतें, आणि कित्येकांची वेदना थोडा काळ मंदावते. एखादा जाणता फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवीत असतां रोग्यास हालचालीची भीति वाटूं नये म्हणून चार दिवस पट्टी लावतो. तेथें ती आपल्या योग्य जागीं आहे. जी जुनी न ताणणारी पांढरी पट्टी, किंवा घोट्यावर चढवावयाचा जाड पट्टा, त्यांची गोष्ट आणखी निराळी. एकदां मुरगळलेल्या घोट्यास खेळाच्या वेळीं असा आधार दिल्यास तो पुन्हां मुरगळण्याचें प्रमाण कमी होतें, असें अनेक अभ्यासांत आढळलें आहे. मात्र ती पांढरी पट्टीहि खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासांत बरीच सैल पडते. सारांश, पट्टी ही फार तर हातची काठी आहे. चालावयाचें असतें तें पायांनींच.

अंगास बंध बांधण्याची विद्या आमच्या देशास नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत बंधांचे चौदा प्रकार नांवांनिशीं सांगितले आहेत. त्यांत बोटांच्या पेरांसाठीं कोश, हातापायांसाठीं अनुवेल्लित व सांध्यांसाठीं स्वस्तिक अशी योजना आहे. मोडलेल्या हाडास वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन इत्यादि झाडांच्या सालींचा व बांबूचा आधार द्यावा असें सांगून, सुश्रुतानें पुढें एक इशारा दिला आहे: बंध फार सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाहीं, आणि फार आवळला तर सूज व वेदना उद्भवतात. आजहि घोट्यास क्रेप बँडेज बांधणाऱ्यानें हाच नियम पाळावयाचा असतो. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्याच अध्यायांत हाड मोडलेल्या माणसास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. बंध हा उपचाराचा एक भाग होता. लगेच आखाड्यांत उतरण्याचा तो परवाना नव्हता.

आमच्या घरोघरीं मुरगळलेल्या पायास आंबेहळदीचा किंवा हळद-चुन्याचा लेप घालतात. तो लेप पाहून हंसणारा तरुण निळ्या पट्टीस मात्र शेंकडों रुपये मोजतो. आम्हांस ह्या दोहोंत फारसा भेद दिसत नाहीं. दोहोंनींहि थोडें बरें वाटतें, दोहोंनींहि बहुधा मोठी हानि होत नाहीं, आणि तुटलेला बंध दोहोंनींहि सांधला जात नाहीं. तो काळ व शरीर मिळून सांधतात. उलट लेपाचा एक गुण असा कीं, तो घातल्यावर मूल दोन दिवस घरीं बसतें. पट्टी लावल्यावर तेंच मूल मैदानावर जातें.

आमच्या म्हणण्याचें मर्म येथें आहे. दोष पट्टींत नाहीं. पट्टी लावली म्हणजे खेळण्यास हरकत नाहीं, ह्या समजुतींत तो आहे. पाय मुरगळतो म्हणजे काय होतें तें पाहूं. घोटा आंत वळला असतां त्याच्या बाहेरच्या अंगास हाडास हाडाशीं बांधून ठेवणारे जे चिवट बंध असतात, ते ताणले जातात किंवा थोडेबहुत फाटतात. बंधांबरोबर त्यांतील जाणिवेच्या तंतूंसहि इजा होते. म्हणून सूज उतरल्यावरहि आपला पाय कोठें व कसा पडत आहे ह्याची जाण मंद राहते, आणि तोच घोटा पुन्हां पुन्हां वळतो. फाटलेला बंध सांधण्यास आठवडे लागतात. सामना मात्र परवांचा असतो.

वाढत्या वयांत धोका अधिक आहे. मुलांच्या लांब हाडांच्या टोंकांशीं कोवळ्या कुर्चेचा एक थर असतो व त्यापासून हाड लांबीनें वाढतें. हा थर पुष्कळदां सांध्याच्या बंधांपेक्षांहि नाजूक असतो. त्यामुळें ज्या धक्क्यानें मोठ्या माणसाचा बंध ताणला जाईल, त्याच धक्क्यानें मुलाच्या हाडाच्या ह्या थरास इजा होऊं शकते. घरचीं माणसें म्हणतात, "नुसता मुरगळला आहे, उद्यां बरा होईल". पण तो मोडहि असूं शकतो. त्या इजेची हयगय झाली तर, सर्वदा नव्हे पण क्वचित्, तें हाड आंखूड किंवा वांकडें वाढतें. त्याचप्रमाणें १० ते १५ वर्षांच्या, पुष्कळ धांवणाऱ्या व उड्या मारणाऱ्या मुलांस गुडघ्याच्या वाटीखालीं टेंगूळ येऊन तेथें दुखूं लागतें. ऑसगुड व श्लाटर ह्या दोन डॉक्टरांनीं १९०३ सालीं ह्या विकाराचें वर्णन केलें. वाढ पुरी झाली कीं तो बहुधा आपोआप जातो. परंतु तोंपर्यंत खेळाचा भार हलका करावा लागतो. आमच्या ज्या विद्यार्थ्यांचे थोरले बंधु पोलीस भरतीसाठीं पहांटे डांबरी सडकेवर १६०० मीटरांचा सराव करतात, त्यांनीं नडगीच्या दुखण्याविषयीं त्यांस विचारून पाहावें. अति धांवण्यानें नडगीच्या हाडास केंसासारखी बारीक भेग पडूं शकते. तिच्यावर पट्टी चिकटवून तसेंच धांवत राहिल्यास भेगेचा पुरता मोड होण्याची भीति असते. वेदना ही अशा वेळीं शत्रु नव्हे. ती राखणदार होय. राखणदाराच्या तोंडास पट्टी बांधून घर सुरक्षित होत नाहीं.

मग मुलें आपलें दुखणें लपवितात तें कां? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. संघांतील जागा जाईल ही भीति असते. जिल्ह्याच्या वा राज्याच्या स्पर्धेंत चमकल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेंत क्रीडेचे वाढीव गुण मिळतात, त्यांची आशा असते. सोबत्यांनीं भित्रा म्हणूं नये, ही इच्छा असते. आणि मुलींच्या बाबतींत आणखी एक कारण आहे. लंगडत घरीं गेलें तर "आतां पुरे झाला तुझा खेळ" असें ऐकावें लागेल व पुढल्या वर्षीं मैदानाचें तोंडहि पाहावयास मिळणार नाहीं, हें १३ वर्षांच्या मुलीस पक्कें ठाऊक असतें. म्हणून ती पट्टी लावते व हंसत घरीं जाते. अशा मुलीस "दुखलें तर सांगत जा" असा उपदेश करणें सोपें आहे. सांगितल्याबद्दल तिला दंड भरावा लागूं नये अशी व्यवस्था करणें अवघड आहे. आणि तें काम तिचें नव्हे, वडील माणसांचें आहे.

आमची सूचना अशी कीं, जो खेळाडू आपली दुखापत स्वतः होऊन सांगेल, त्याची संघांतील जागा तो बरा होईपर्यंत राखून ठेवावी. त्याच्या ऐवजीं दुसरा खेळेल. पण तो बरा होऊन परतला म्हणजे त्यास प्रथम संधि द्यावी. एवढा एक नियम शाळेनें केला व पाळला, तर शेंकडों रुपयांच्या पट्ट्यांनीं होणार नाहीं एवढें संरक्षण मुलांस मिळेल. येथें कोणी विचारतील, "अंतिम सामना तोंडावर आला असतां संघाचा उत्तम गडी बाहेर बसवावा काय?" आमचें उत्तर आहे, होय, बसवावा. तालुक्याची ढाल कपाटांत राहते व दोन वर्षांनीं तिच्यावरील नांवहि कोणास आठवत नाहीं. गुडघा मात्र जन्मभर बरोबर राहतो. ज्या मुलास पुढें शेत नांगरावयाचें आहे, ओझें उचलावयाचें आहे, किंवा भरतीच्या मैदानावर धांवावयाचें आहे, त्याचा तोच पाय त्याची मिळकत आहे.

मोठ्या खेळाडूंच्या पट्ट्या आम्हांस दिसतात, त्यांची विश्रांति दिसत नाहीं. सचिन तेंडुलकर ह्यांस २००४ सालीं कोपराचें दुखणें जडलें. त्यांस सामने सोडावे लागले. २००५ सालीं लंडन येथें कोपरावर शस्त्रक्रिया करून महिनोन्महिने खेळापासून दूर राहावें लागलें. त्यानंतर २०१० च्या फेब्रुवारींत ग्वाल्हेर येथें त्यांनीं द्विशतक केलें; पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांतलें तें पहिलेंच द्विशतक होतें. ते पुढें २०१३ पर्यंत खेळत राहिले. विश्रांति घेतल्यानें खेळ संपतो अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं ह्या सनांकडे पाहावें.

आतां, पाय मुरगळलाच तर काय करावें, हें प्रत्येक घरीं ठाऊक असावें म्हणून थोडक्यांत सांगतों. खेळ त्याच क्षणीं थांबवावा. पाय उशीवर उंच ठेवावा. कापडांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें ठेवल्यास वेदना कमी होते. क्रेप बँडेज बांधावें, परंतु बोटें निळीं पडत असतील किंवा बधिर होत असतील तर तें तत्काळ सैल करावें. पहिले दोन-तीन दिवस जोरानें रगडणें, शेकणें व कोणाकडून पाय ओढून "बसवून" घेणें हें कटाक्षानें टाळावें. आंत मोड असेल तर ह्या ओढाताणीनें तो बिघडतो. डॉक्टरांकडे केव्हां जावें, ह्याचा एक सोपा नियम कॅनडांतील डॉक्टरांनीं १९९२ सालीं घालून दिला व तो पुढें पुष्कळ देशांनीं स्वीकारला. दुखऱ्या पायावर चार पावलेंहि टाकतां येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या हाडावर मागील कडेस दाबल्यास तीव्र दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. ह्यांत चालढकल करूं नये. आणि मुलांच्या बाबतींत शंका आली तरी दाखवावें.

सूज उतरूं लागली म्हणजे पाय हळूहळू हलवावा, सोसेल तेवढें चालावें. पुढें दुखऱ्या पायावर तोल सांभाळून उभें राहण्याचा अभ्यास करावा. प्रथम डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. हॉलंडमधील व्हॉलीबॉल खेळाडूंवर केलेला एक अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचा घोटा पूर्वीं मुरगळला होता, त्यांस तोल सांभाळण्याच्या अशा व्यायामानें फायदा झाल्याचें त्यांत दिसून आलें. आमच्याकडे ह्यासाठीं निराळें साधन आणावयास नको. आमची लंगडी हा तोल सांभाळण्याचाच खेळ आहे. दुखऱ्या पायावर उभें राहणें, लंगडी घालणें व धांवतां धांवतां वळणें, हें दुसऱ्या पायाइतकेंच आणि न दुखतां जमूं लागलें, म्हणजे खेळावयास परत जावें. तारीख पाहून जाऊं नये.

दुखापत होऊंच नये म्हणून काय करावें, ह्याचेंहि उत्तर मिळालेलें आहे. नॉर्वे देशांत १३ ते १७ वर्षांच्या, म्हणजे आमच्याच विद्यार्थिनींच्या वयाच्या, १,८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठा प्रयोग करण्यांत आला व तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं संघांनीं खेळापूर्वीं सुमारें २० मिनिटें धांवणें, मांड्या व पाठ बळकट करणें, तोल सांभाळणें आणि उडी मारून नीट उतरणें असा ठरीव व्यायाम केला. त्या संघांत एकंदर दुखापतींचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें कमी भरलें. ह्या व्यायामास दमडीहि लागत नाहीं. लागतात तीं रोजचीं २० मिनिटें व शिस्त. नेमक्या ह्याच कारणामुळें तो आम्हांस आवडत नसावा. पट्टी विकत घेतां येते, शिस्त घेतां येत नाहीं.

पालकांस खर्चाविषयींहि एक शब्द सांगावयाचा आहे. पट्टी सुती आहे. कापूस आमच्या शेतांत पिकतो, आणि त्याचा भाव काय मिळतो हें आम्हांस कोणी सांगावयास नको. मुलानें हट्ट धरला म्हणून एका गुंडाळीवर घालावयाचे पैसे चांगल्या तळव्याच्या बुटांसाठीं ठेवावेत. अनेक पालकांनीं मिळून तेवढेच पैसे काढले, तर मैदानाच्या भेगांवर मुरूम पडेल, पाणी मारून रोळ फिरेल, आणि एका मुलाच्या नव्हे तर साऱ्या शाळेच्या घोट्यांस आधार मिळेल. ज्यांस पट्टी लावावयाचीच आहे, त्यांनीं ती जखमेवर, पुरळावर किंवा सुजलेल्या तापत्या जागेवर लावूं नये. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या पुढें जातो. घामांत चिकट थराखालीं खाज सुटली किंवा फोड आले, तर पट्टी तेल लावून हळूच सोडवावी, ओढून काढूं नये. घरांतील वृद्ध माणसांच्या गुडघेदुखीवरहि ही पट्टी सुचविली जाते. त्यांस आम्ही सांगूं कीं, नियमित चालणें व मांडीच्या स्नायूंचा साधा व्यायाम ह्यांचा पुरावा पट्टीपेक्षां कितीतरी भक्कम आहे. मधुमेह असलेल्यांनीं, किंवा पोटरींत रक्ताची गांठ झालेल्यांनीं, डॉक्टरांस विचारल्यावांचून पट्टी लावूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, पट्टी लावणाऱ्या सोबत्याची थट्टा करण्यासाठीं आम्हीं हें लिहिलेलें नाहीं. खेळावें, घाम गाळावा, हरावें व जिंकावें. ज्या मुलास मैदान ठाऊक नाहीं त्याचें शिक्षण अपुरें राहिलें असें आम्ही समजतों. आमची मागणी एवढीच कीं, तुमच्या सोबत्याच्या गुडघ्यावर निळी पट्टी दिसली तर ती कोठून घेतली असें न विचारतां, "तुला काय दुखतें?" असें विचारावें. पालकांनीं तोच प्रश्न रागावांचून विचारावा, आणि शिक्षकांनीं त्याचें खरें उत्तर देणाऱ्यास संघाबाहेर काढूं नये. हा प्रश्न विचारण्याची व त्याचें उत्तर ऐकून घेण्याची संवय ज्या शाळेंत लागेल, तेथील मुलांस पट्टी लागेल तेव्हां ती योग्य हातांनीं लागेल, आणि बहुतेकांस ती लागणारच नाहीं.